लांबची थंड खोली

बाईंनी डब्याचं झाकण उचललं आणि नाक मागे घेतलं. व्हिनेगरसारखा आंबट वास मागच्या महिन्यापेक्षा वाढला होता. वरचं पाकीट काढून त्यांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. फिल्मच्या कडा आत वळू लागल्या होत्या, आणि कुठल्याशा कुटुंबातली रांगेच्या टोकाला उभी असलेली मावशी सुरकुतीत निम्मी गडप झाली होती.

"गेली का?" संचालकांनी दारातूनच विचारलं.

"जातेय. आणि जाताना शेजारणींनाही घेऊन जातेय."

"मग ठरवा लवकर. तुम्ही म्हणाल त्यावर सही करतो."

बाईंचं पद अभिरक्षकाचं, म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू सांभाळण्याचं. त्यातली निम्मी नोकरी भिंतींची ओल आणि बंद पडणारे एसी यांच्याशी भांडण्यात गेली होती. वर्षानुवर्षं अर्ज करून झाल्यावर आता कुठे छायाचित्रांसाठी वातानुकूलित भांडार भाड्याने घ्यायला मंजुरी मिळाली होती. ती आली तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी बाई नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. हवं ते मिळेपर्यंत हवंसं वाटण्याचं बळच संपलं होतं.

जागा दोन होत्या. एक शहराबाहेर, बस बदलून जायची. जाड दार, दाराला रबरी कडा, आत स्वेटर घालूनही हुडहुडी भरेल अशी थंडी. दमटपणा दाखवणारा काटा जागचा हलत नव्हता. व्यवस्थापकाने मुद्दाम मेन स्विच बंद करून दाखवला, तर दिवा लुकलुकलासुद्धा नाही. मात्र तिथे पाहुण्यांना मज्जाव. डबा बघायचा तर आधी कळवायचं, मग तो दिवसभर मधल्या खोलीत ठेवायचा, कारण थंडीतून एकदम उबेत आणला की फिल्मवर दव धरतं. दुसरी जागा दोन गल्ल्या सोडून, बंद पडलेल्या एका बँकेत. तिथे गारवा होता, थंडी नव्हती. जनरेटर येणार होता. मालक ते इतक्या कौतुकाने सांगत होता की जणू जावईच येणार होता.

पहिल्या जागेत निगेटिव्ह नातवंडांच्या नातवंडांनी पाहिल्या असत्या. दुसऱ्या जागेत त्या बाईंच्या निवृत्तीपर्यंत तग धरत्या, फार तर थोड्या पुढे. यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. घोडं अडलं होतं ते गुरुवारच्या आजोबांपाशी.

या सगळ्या निगेटिव्ह आजोबांच्या बायकोने काढलेल्या. तिचा स्टुडिओ होता. ती गेल्यावर त्यांनी सगळे डबे संग्रहालयाला दिले, आणि तेव्हापासून दर गुरुवारी काठी टेकत ते येऊ लागले. "भेटीची वेळ झाली," असं म्हणत पहारेकरी फाटक उघडायचा. बाई खिडकीजवळ खुर्ची लावून ठेवायच्या, पुढ्यात एक डबा, बाजूला चहा. आजोबा पांढरे हातमोजे चढवून एकेक पाकीट उघडत, फिल्म उजेडाला धरत, परत ठेवत. बोलणं फारसं नसे. त्यांच्याकडे बघितलं की बाईंना आपण करतो त्या कामाला काही अर्थ असल्यासारखं वाटे, आणि असं वाटायला लावणारी माणसं आताशा उरली नव्हती.

"लांबची जागा घेऊन मोकळी हो ना," ताटं पुसता पुसता नवरा म्हणाला.

"आणि आजोबांनी कुठे जायचं?"

"घरी."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून बाईंनी नळ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेच्या जागेची शिफारस लिहून दिली. संचालकांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"संशोधकांना जवळ पडेल."

"कुठले संशोधक, बाई?"

बाईंनी पेन पुढे केलं. संचालकांनी सुस्कारा सोडून सही ठोकली. त्यांनीही भांडणं केव्हाच सोडून दिली होती. शहराबाहेरची खोली संध्याकाळच्या आत दुसऱ्या संग्रहालयाने घेतली.

गुरुवारी आजोबा आले. बाईंना धीर निघेना.

"आजोबा, चांगली बातमी आहे. डबे लांब जात नाहीत. इथेच, दोन गल्ल्या सोडून. तुम्हाला येता येईल."

आजोबांचा हात पाकिटावर थांबला.

"पहारेकरी तर म्हणाला, शहराबाहेर नेणार. तिथे कुणाला आत घेत नाहीत म्हणे."

"तसंच ठरत होतं. मी थांबवलं."

"माझ्यासाठी?"

बाई नुसत्या हसल्या.

"छान केलंत," आजोबा म्हणाले. चेहरा मात्र बस चुकलेल्या माणसाचा झाला होता.

"काय झालं?"

"काही नाही हो." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "जाताना ती म्हणाली होती, माझ्या फिल्मना एकटं टाकू नका. मी हो म्हणून बसलो. आता मला दिसत नाही फारसं. उजेडाला धरतो नि परत ठेवतो. गुडघा बुधवारपासूनच ठणकायला लागतो. म्हटलं, लांब गेल्या तर आपला काही इलाज नाही. तीही समजून घेईल." मग ओशाळून म्हणाले, "त्यात तुम्ही खुर्ची लावून वाट बघता. न येणं बरं दिसत नाही."

बाईंना राग आला. आधी आजोबांचा, मग स्वतःचा, आणि तो स्वतःवरच राहिला. कागद गेला होता, सोमवारी टेम्पो येणार होता. एका खुर्चीपायी त्यांनी त्या फिल्मचं आयुष्य घालवलं होतं, आणि खुर्चीतला माणूस उठायला निमित्त शोधत होता.

"नव्या जागेत पायऱ्या आहेत, आजोबा," त्या म्हणाल्या.

आजोबांनी मान वर केली. "पुष्कळ?"

बँकेची ती खोली रस्त्याला लागून होती. उंबरठासुद्धा नव्हता.

"पुष्कळ. उभ्या चढणीच्या. कठडाही नाही."

"गुडघ्याला झेपायचं नाही."

"मी चढूच देणार नाही तुम्हाला."

"मग नाइलाजच झाला," आजोबा हळूच म्हणाले. "आणि त्यांच्याकडे कोण बघणार?"

"मी जाईन. दर गुरुवारी."

म्हणताना बाईंना आपले दुखरे पाय जाणवले. आजोबा खुर्चीत मागे टेकले. इतकी वर्षं ते खुर्चीच्या काठावर बसत होते, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं.

"बाई, अजून अर्धा कप चहा मिळेल का?"

त्यांनी आजवर कधीच काही मागितलं नव्हतं.

"सांगते," म्हणून बाई उठल्या.