गुरुवारचा धर्म

वर्षालीताई मूळच्या चिपळूणच्या. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या काळेवाडीच्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला येऊन त्यांना दुसरंच वर्ष लागलं होतं, पण तेवढ्यात बाईंनी शाळेच्या मागे एक खूळ लावून दिलं होतं. खूळ म्हणजे प्रदर्शन. 'जगातले धर्म आणि आपला समाज'. तक्ते पोरांनी करायचे, बोलायचंही पोरांनीच, आणि ऐकायला आईबापांना बोलवायचं. कल्पना झकास! पण पहिल्या वर्षी भाड्याने आणलेल्या खुर्च्यांवर बसायला आले किती, तर तीन पालक. त्यातला एक तर नुसता पाणी प्यायला आत शिरला होता.

मुख्याध्यापक उद्धवरावांनी यंदा सरळच सांगून टाकलं. "मॅडम, शेवटचं वर्ष बरं का. यंदाही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर प्रदर्शन बंद, आणि तयारीचे तास गणिताच्या सरावाला. अहो, इथल्या आईबापांना आवडच नाही. पालथ्या घड्यावर पाणी!"

वर्षालीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण खुर्च्या रिकाम्या होत्या हे तर खरंच. त्यांना तास जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त आठवायची ती साक्षी. गेल्या वर्षी बुद्धाविषयी इतकं सुरेख बोलत होती पोर, आणि मध्येच दाराकडे बघून अडखळली. बाप येईल म्हणून वाट बघत होती बिचारी.

तर त्या दिवशी नववीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर तीन वार लिहिले. शुक्रवार, शनिवार, रविवार. मुसलमानांची जुम्म्याची नमाज, ज्यू लोकांचा विसाव्याचा शनिवार, ख्रिस्ती लोकांची रविवारची प्रार्थना, असं सगळं रंगवून सांगितलं.

"बघा, धर्म काही नुसता देवळात किंवा मशिदीत बसून राहत नाही. बाजार कधी भरायचा, दुकान कधी बंद ठेवायचं, बाप घरी कधी असणार, तेसुद्धा तो ठरवतो. आता सांगा, तुमच्या घरी सुट्टी कधी?"

"गुरुवारी!" अख्खा वर्ग ओरडला.

बाई चाटच पडल्या. त्या राहायच्या रावेतला, नवरा आयटीवाला, घरी शनिवार-रविवार सुट्टी. गुरुवारचं हे प्रकरण त्यांच्या गावीही नव्हतं. "गुरुवार? तो कुठल्या धर्माचा?"

"दत्ताचा, मॅडम!" प्रज्वलने ठोकून दिलं. "आमचे पप्पा उपास करतात ना, म्हणून कंपनी सुट्टी देते."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," साक्षी फणकारली. "आम्ही बौद्ध. आमच्याकडे कुठे आहे दत्ताचा उपास? तरी माझ्या पप्पांना गुरुवारीच सुट्टी."

"आमच्या अब्बांनाही," मागून फिरोज म्हणाला. "मग जुम्म्यानं काय घोडं मारलंय?"

झालं! वर्गात अशी जुंपली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. शेवटी बाई म्हणाल्या, "मलाही माहीत नाही. घरी विचारून या."

दुसऱ्या दिवशी उत्तरांचा नुसता पाऊस. कुणी म्हणे पहिला मालक दत्तभक्त होता, कुणी म्हणे साईबाबांचा भक्त. एकाच्या आजीने तर गोऱ्या साहेबाच्या मडमेचा वाढदिवस गुरुवारी असल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं. साक्षी मात्र वेगळंच घेऊन आली.

"मॅडम, सुट्टी गुरुवारी का, ते नाही कळलं. पण आमच्या विहारात मोठी वंदना गुरुवारी होते. पुरुष माणसं तेव्हाच घरी असतात ना."

"आमच्याकडे दावत गुरुवारीच," फिरोज म्हणाला.

"आणि माझ्या बहिणीचं बाराव्या दिवसाचं बारसं आम्ही पंधराव्या दिवशी केलं," प्रज्वल म्हणाला. "गुरुवार गाठायचा होता."

बाई हसत हसत उद्धवरावांच्या खोलीत गेल्या आणि सगळी गंमत सांगितली. सरही चहाचा कप हातात धरून खदखदून हसले.

"अहो, कसला दत्त अन् कसली मडम! सगळे कारखाने एकदम चालले तर वीज पुरायची नाही, म्हणून भागाभागाला सुट्टीचे वार वाटून दिले होते. आपल्या वाट्याला गुरुवार आला. वीज मंडळाची कृपा!"

"तुम्हाला बरं ठाऊक, सर."

"असणारच. आमच्या आप्पांचा जन्म गेला कंपनीत." मग सरांचा आवाज जरा कडवट झाला. "मी याच शाळेत शिकलो, मॅडम. दर वर्षी पहिलं बक्षीस. पण आप्पा एकदा म्हणून आले नाहीत. म्हणून म्हणतो, आवडच नसते या लोकांना."

"सर, बक्षीस समारंभ कधी असायचा?"

"कधी म्हणजे? रविवारी. शाळेला सुट्टी असते तेव्हाच. तुमचं प्रदर्शनसुद्धा रविवारीच..."

सर बोलता बोलता थांबले. गुरुवारची सुट्टी त्यांना ठाऊक होती, रविवारचा समारंभही ठाऊक होता. पण एवढ्या वर्षांत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं काही त्यांना सुचलं नव्हतं. बापावरचा राग मात्र त्यांनी जपून ठेवला होता.

"रविवारी आप्पा फर्स्ट शिफ्टला जायचे," ते हळूच म्हणाले. "खाडा केला असता तर पगार कापला असता." चहा तसाच निवून गेला. "मॅडम, गुरुवारी घ्या प्रदर्शन."

आणि काय सांगावं, गुरुवारी शाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही! इस्त्रीचे शर्ट घातलेले, केसांना तेल लावलेले बाप, कडेवर धाकटं घेतलेल्या आया. खुर्च्या भरल्या, बाक भरले, उरलेले खिडक्यांना टेकून उभे राहिले. उपासवाल्यांसाठी प्रज्वलच्या आईने साबुदाण्याची खिचडी आणली होती, तिच्यावर बिनउपासवाल्यांनीच जास्त ताव मारला. साक्षीचे वडील धम्मपाल सगळ्यांच्या आधी आले. "हिचा बाक कुठला?" एवढंच त्यांनी विचारलं आणि त्या बाकावर जाऊन बसले.

साक्षी बोलायला उभी राहिली. "आठवड्याचे वार धर्मांनी वाटून घेतले. आम्हाला गुरुवार दिला वीज मंडळाने, आणि आमच्या सगळ्या धर्मांनी तो चालवून घेतला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने तिने दाराकडे बघितलं आणि स्वतःशीच हसली, कारण बाप समोरच बसला होता. वर्षालीताईंना इतका आनंद झाला, की त्या टाळ्या वाजवायच्याच विसरल्या.

उद्धवराव मात्र कुठे दिसेनात. प्रदर्शन संपत आलं तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. सर उतरले, आणि पाठोपाठ त्यांनी हात धरून कोंडीरामआप्पांना उतरवलं. म्हातारा कधीच निवृत्त झालेला, त्याला आता रोजच गुरुवार. पण शाळेत चला म्हणून आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

वर्गाच्या दारात आप्पा थबकले. मग आत येऊन जवळच्या बाकावरून हात फिरवत म्हणाले, "ह्यो तुजा वर्ग व्हय रं, उद्धवा?"

"हो आप्पा."

"बक्षिसं वाटून झाली आसतील न्हवं?"

"नाही आप्पा," सर म्हणाले, आणि सगळ्या पोरांदेखत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तुमच्यासाठीच थांबलो होतो."

धम्मपालनी बाकावर सरकून आप्पांना जागा करून दिली.