साध्या पाण्याचा निळा रंग

कॉलेजातून आलेली तृप्ती दारातच बसली. "आई, संपलं सगळं. साधं पाणीसुद्धा निळं झालं."

मंगलाबाईंच्या हातातली वात वळायची राहिली. लेकीची पीएचडी त्यांना कळली होती ती एवढीच, की तृप्तीने डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंत दुसरीकडचं जनुक बसवलंय आणि पाण्यात तांबं असलं की ते निळे होतात. द्राक्षबागांवर फवारलेला मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, विहिरीत उतरतोय का, हे या इवल्याशा जिवांनी सांगायचं. देवाने घडवलेल्या जिवाकडून माणसाने असं नवं काम करून घ्यावं, याचं त्यांना फार अप्रूप.

बागांजवळच्या विहिरींचं पाणी निळं झालं, ते ठीकच होतं. पण सिन्नरला बहिरूमामाच्या विहिरीजवळ बागच नव्हती, आणि ते पाणीही निळं झालं. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जिवाणू असे फसवणार असतील तर विषय सोडा.

"मामाकडचं पाणी तूच आणलंस ना?" तृप्तीने विचारलं. "थेट बाटलीत भरलंस?"

"थेट कसं गं? माहेरचं पाणी ते. रात्रभर देवापुढे कलशात ठेवलं, मग सकाळी तुझ्या बाटलीत ओतलं. नेमच आहे माझा."

"कलश कसला?"

"तांब्याचा. आणखी कसला?"

तृप्ती हसत सुटली. "अगं, खरंच सांगत होते गं ते जिवाणू! रात्रभरात उतरलेलं तांबंसुद्धा कळलं त्यांना!"

"म्हणजे घोळ मी घातला?" मंगलाबाईंचा चेहरा उतरला.

"घातलास. आता सरांना पटवायला हवं."

दुसऱ्या दिवशी बहिरूमामा एसटीने बाटली घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. "ताईच्या हाती दिली नाय बरं का! नायतर पानी पुन्हा देवदर्शन करूनच आलं असतं."

तृप्तीने एका नळीत बाटलीतलं पाणी घेतलं, दुसरीत आधीचं, कलशात ठेवलेलं. जिवाणू सोडले. मंगलाबाई बाकावर डोळे मिटून जप करत बसल्या. दुपार कलली तेव्हा पहिली नळी तशीच पांढुरकी होती, दुसरी निळीभोर.

सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिल्या. "प्रबंधात हा कलश आलाच पाहिजे," ते म्हणाले. "उरलेल्या विहिरी कधी तपासणार?"

मंगलाबाई नळीपाशी वाकल्या. "तृप्ती, हात जोडले तर चालेल ना गं?"

"जोड की. फक्त हळदकुंकू वाहू नकोस."