न हलणारी चिठ्ठी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या झाकणावर एके काळी फुलांची परडी होती. आता नुसता गंज आणि एका फुलाचा अर्धा देठ उरला आहे. कारखान्यात मला वळवले, दुमडले, ठोकले, तेव्हा माझ्या तळाच्या सांध्यात एक बारीक खाच राहिली. तपासनिसाने ती पाहिली आणि "चालेल" म्हणून मला पुढे ढकलले. त्या एका "चालेल"वर माझी सगळी कहाणी उभी आहे.

मी एका घरात गोळ्या घेऊन गेलो. त्या घरात ताई आणि तिचा धाकटा भाऊ, अशी दोन मुले होती. गोळ्यांचा फडशा एका दिवसात पडला. मग आईने माझ्यात गुंड्या भरल्या आणि मी धाकट्याचा खुळखुळा झालो. तो मला दिवसभर हलवायचा. "अरे, पुरे कर! कान किटले माझे," आई ओरडायची. धाकटा मला कानाशी धरून म्हणायचा, "ताई, आत कुणीतरी बोलतंय." माझा इतका लाड पुढे कधी कोणी केला नाही.

ताई मोठी झाली आणि एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बुरशीचा अभ्यास करू लागली. सगळे तिला चेष्टेने बुरशीबाई म्हणत. पुढे नशिबाने असा डाव साधला की धाकट्याच्या फुप्फुसातच बुरशी धरली. पहिल्या औषधाला ती दाद देईना. दुसरे दिले, त्यालाही देईना. धाकटा गेला. त्याच्या छातीतून काढलेली बुरशी मात्र ताईच्या कपाटात, काचेच्या नळीत, हिरवीगार वाढत राहिली. ताई रोज ते कपाट उघडायची आणि रोज क्षणभर तिचा हात थांबायचा.

त्या इस्पितळात तोवर कोणाची बुरशी पहिल्या औषधाला जुमानत नसे, तर कोणाची दुसऱ्याला. दोन्हींना पुरून उरलेली फक्त धाकट्याची. "लाखात एक अशी निघते. पुन्हा नाही व्हायचं," असे मोठे डॉक्टर म्हणाले. ताईला ते पटेना. तिला वाटे, या बुरशा आपल्या नजरेआड कुठेतरी भेटतात आणि आपले गुण एकमेकींत मिसळतात. तसे असेल, तर असली बुरशी पुन्हा जन्मणार आणि पुन्हा कोणाचा तरी धाकटा जाणार. पण ही बुरशी मीलन करताना कोणी पाहिली नव्हती. जे डोळ्यांना दिसत नाही, ते आकड्यांनी पकडायचे होते.

शेजारच्या खोलीत आकडेवाले काका बसत. त्यांनी तिला एक युक्ती सांगितली आणि त्यासाठी तिने मला घरून आणले. संगणक त्या इमारतीत अजून यायचा होता. टेबलावर प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ओळीने मांडायचे. त्यावर लिहिलेले, पहिल्या औषधाला त्याची बुरशी दाद देते की नाही. दुसऱ्या औषधाचे उत्तर, कोपऱ्यात रुग्णाचे नाव घालून, चिठ्ठीवर लिहायचे, सगळ्या चिठ्ठ्या माझ्या पोटात टाकायच्या, मला हलवायचे आणि एकेक चिठ्ठी काढून एकेका कार्डापुढे ठेवायची. असे पुन्हा पुन्हा करायचे. बुरशी मिसळत असेल, तर तिचे गुणही चिठ्ठ्यांसारखेच पिसले जाणार; म्हणून कार्ड-चिठ्ठीच्या माझ्यातून निघतात तशाच जोड्या खऱ्या रुग्णांतही असतील, तर बुरशी मिसळते आहे. खऱ्या जोड्या माझ्या ओळींत बसतच नसतील, तर बुरशी नुसती आपलीच नक्कल काढते आहे.

आता माझ्या पोटात गुंड्या नव्हत्या, माणसे होती. त्यांतली काही बरी होऊन घरी गेलेली, काही न गेलेली. ताई मला हलवायची आणि मला धाकट्याचे हात आठवायचे.

त्याचे कार्ड ओळीत शेवटी होते. त्याची चिठ्ठी इतरांसारखी पातळ नव्हती. त्याच्याच औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची होती. कागद संपला म्हणून, असे ताई म्हणे. मला मात्र ठाऊक होते की चिठ्ठ्या भरताना तिचे बोट ती चिठ्ठी माझ्या खाचेत सारत असे. तिचे तिलाही कळत नसावे. मी कितीही हललो तरी ती चिठ्ठी हलत नसे. ती शेवटी निघे आणि शेवटच्या कार्डापुढे, स्वतःच्याच जागी, जाऊन बसे.

उत्तर ताईला हवे तसे येत होते. एका दुपारी काका शेजारी बसून बघत होते.

"पोरी, शेवटची चिठ्ठी दर वेळी तीच कशी?"

ताईने ती पुठ्ठ्याची चिठ्ठी उचलून मुठीत धरली.

"एक जोडी तू खऱ्यातलीच ठेवलीस. मग डब्यातली ओळ खऱ्यासारखी दिसणारच. हवं ते उत्तर तूच आत घातलंस."

"त्याच्या जागी दुसऱ्याची चिठ्ठी बघवत नाही हो, काका."

"कळतंय मला. पण एकाला जरी बाजूला ठेवलं, तरी हा खेळ खोटा."

ताईने सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, नव्याने लिहिल्या. माझी खाच मेणाने बुजवली. मग झाकण दाबून तिने मला हलवले. काय सांगू मित्रांनो, लहानपणापासून मी इतका घाबरलो नव्हतो. सगळे उत्तर उलटले तर?

एकेक चिठ्ठी निघाली. शेवटी धाकट्याच्या कार्डापुढे जी आली, तिच्यावर लिहिले होते: दाद देते.

ताई त्या दोन कागदांकडे बघत राहिली. "काका, या ओळीत तो वाचला असता."

काकांनी ओळीवरून बोट फिरवले. धाकट्याची चिठ्ठी एका शिक्षिकाबाईंच्या कार्डापुढे पडली होती. दुसऱ्या औषधाने त्या खडखडीत बऱ्या झाल्या होत्या आणि नुकत्याच ताईला भेटून गेल्या होत्या. "आणि या ओळीत त्या गेल्या असत्या," काका हळूच म्हणाले.

ताईने डोळे पुसले, सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पुन्हा माझ्यात टाकल्या. ती ओळ परत कधी निघाली नाही.

शेवटी उत्तर तेच ठरले: खऱ्या जोड्या माझ्या ओळींत सहज मिसळून जात होत्या, म्हणजे बुरशी मिसळतच होती. मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले. तेव्हापासून तिथे प्रत्येक रुग्णाची बुरशी दोन्ही औषधांवर आधीच तपासतात आणि दोन्ही चालणार नसतील तर वेळेत तिसरे शोधतात. माझे कौतुक झाले. मग संगणक आला. तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजारदा चिठ्ठ्या पिसतो म्हणे. मी कपाटावर गेलो. ताई निवृत्त झाली, काका गेले, माझ्यावर धूळ साचली.

मित्रांनो, एक विनंती आहे. कधी माझ्यासारखा गंजका डबा हाती लागला, तर फेकण्याआधी पुसा, हवे तर रंग द्या. पण माझा तळ खरवडू नका. मेण लावण्याआधी ताईने ती पुठ्ठ्याची चिठ्ठी माझ्या खाचेत परत ठेवली होती. आता ते मेण सुटत चालले आहे. मला कानाशी धरून हलवलेत, तर आत कुणीतरी बोलल्यासारखे वाटेल. घाबरू नका. त्याला फक्त खेळायचे आहे.