ऑर्किडच्या झिंज्या

फुलं असेपर्यंत माणसं कौतुक करतात. फुलं गळली की त्याच झाडाला कचरा म्हणतात. दोघी जावांच्या पार्लरमध्ये आरशाजवळच्या ऑर्किडचंही तेच झालं. त्याच्यासोबत फोटो काढणाऱ्या बायका आता पर्स ठेवायला कुंडी ढकलायच्या.

शेवटचं फूल पडलं तशी थोरली म्हणाली, "आज ते बाहेर टाक. तिथे शाम्पूचा स्टँड येतोय."

"मेलं नाहीये ते, जाऊबाई."

"मग करतंय काय? चार पानं आणि एक काडी. आयतं खाऊन बसलंय."

"बाळंतीण समजा. बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं का?"

"पुरे तुझे लाड. त्याच्या झिंज्या बघ! गिऱ्हाईक म्हणेल, ह्यांना स्वतःचं झाड आवरता येत नाही, माझे केस काय कापणार!"

हे धाकटीला झोंबलं. केस कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुंडीच्या काठावरून राखाडी, सुरकुतलेल्या दोऱ्या लोंबत होत्या. जरा नीटनेटकं दिसलं तर राहू देतील बिचाऱ्याला, असं वाटून तिने खुर्चीतल्या बाईला अर्ध्या कापलेल्या केसांवर सोडलं आणि ती कुंडीकडे वळली. दोरी बोटांत धरली आणि दुभंगलेली टोकं उडवावीत तशी कचकन कापली. दुसरीही कापली. तिसरीवर हात थांबला.

कात्रीचं पातं ओलं होतं.

केस मेलेला असतो. कापला तरी त्याला पत्ता लागत नाही. इथे राखाडी सालीच्या आत हिरवा गाभा होता आणि त्याला पाणी सुटलं होतं.

"जाऊबाई, ही मुळं आहेत."

"मुळं मातीत असतात, बयो."

धाकटी वाचवायला गेली आणि गळाच कापून बसली. काय करावं सुचेना, म्हणून तिने केसांवर मारायची पाण्याची बाटली उचलली आणि तिसऱ्या मुळीवर फवारा मारला.

थेंब पडला तिथे हिरवा ठिपका उमटला. शेजारी दुसरा. ठिपके पसरले, एकमेकांत मिसळले, आणि बघता बघता अख्खी मुळी हिरवीगार झाली. इथे एक रंग चढवायला नाक जाळणारा वास सोसावा लागतो, आणि हिने नुसत्या पाण्यावर कात टाकली! झिंज्या म्हणून हिणवलेली मुळी उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, पाणी पीत होती.

थोरली जवळ आली. खुर्चीतली बाईही गळ्यातल्या कापडासकट उठून आली.

"जगेल ना गं?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"दोन कापल्यात मी. माहीत नाही."

"बाकीच्या आहेत ना? मग जगेल. इथून हलवायचं नाही त्याला."

"अहो, माझे केस..." बाई पुटपुटली.

"थांबा हो, पळून चाललेत का ते?" थोरलीने चष्मा पुसला, वाकून एक कोरडी मुळी तळहातावर घेतली आणि म्हणाली, "हिच्यावर मार. हळू."