मशीन रुसलंय

मला कुत्र्यांची भीती वाटते. समोरून कुत्रं आलं की मी रस्ता ओलांडते, आणि ओलांडायला जागा नसली तर जवळच्या दुकानात शिरून नको असलेल्या वस्तूंचे भाव विचारत बसते. अशा मी चार महिन्यांत कुत्र्यांच्या आहारावर एकतीस लेख लिहिले. भावोजींनी सांगितलं म्हणून.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस लाखात एक, फक्त त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. त्या वर्षी त्यांनी वेबसाइटवरून कमाई करण्याचा सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि शिकलेलं कुणावर तरी आजमावून बघायला त्यांचे हात शिवशिवत होते. मी आयतीच सापडले.

सापडले कारण मला दुसरा इलाज नव्हता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत मी सतरा वर्षं ऑर्डरी लिहून घेत होते. ती कंपनी दुसऱ्या शहरात हलणार होती. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तिकडे तुमची जागा पक्की आहे. येणार की नाही ते वर्षअखेरपर्यंत लेखी कळवा." राहायला कंपनी एका खोलीत तिघी अशी सोय करणार होती. त्या खोलीत बाबा कुठे बसणार? बाबांचं वय एकोणऐंशी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी गेले तर त्यांनी ताईकडे जायचं, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायचं आणि भावोजींची व्याख्यानं ऐकत दिवस काढायचे. हे मला मुळीच मान्य नव्हतं. वेबसाइटमधून घरभाड्यापुरतं जरी सुटलं, तरी मी साहेबांना नाही म्हणून कळवणार होते. बाकीचं मी कसंही भागवलं असतं.

बाबा मात्र म्हणत, "जा की तू खुशाल. माझं काय, मी कुठेही पडून राहीन."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कुठेही पडून राहायला माणूस म्हणजे काय पोतं आहे?

तर नीश. हा भावोजींचा लाडका शब्द. "नीश म्हणजे कोनाडा," ताईच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ते म्हणाले. "अख्खा बाजार आपला नसतो. आपण एक कोनाडा पकडायचा आणि तिथून हलायचं नाही." मग त्यांनी एक तक्ता उघडला. लोक काही शोधताना कोणते शब्द टाइप करतात, महिन्याला किती जण करतात, त्या शब्दांवर आधीच किती वेबसाइटी टपून बसल्यात आणि जाहिरातदार त्याचे किती मोजतात, असं सगळं त्यात होतं. भावोजी बोट खाली खाली नेत एका ओळीवर थांबले.

"'कुत्र्यांसाठी घरगुती आहार'. लोक भरपूर, गर्दी कमी, जाहिराती महाग. सोनं आहे हे, सोनं!"

"भावोजी, मला कुत्र्यांची भीती वाटते."

"तुला त्यांना भरवायचं थोडंच आहे? लिहायचंय फक्त."

मी लिहिलं. इथून वाच, तिथून वाच, आपल्या शब्दांत मांड. चार महिन्यांनी वेबसाइटवर रोज सरासरी तीन माणसं येत होती. त्यातली एक मी, दुसरी ताई, आणि तिसरं जे कोण होतं ते बहुधा वाट चुकलेलं असावं.

मग एक दिवस त्या तिसऱ्या माणसाचं पत्र आलं. कुणी बाई होत्या. 'आमचा कुत्रा दोन दिवस काही खात नाही. तुमचे लेख वाचले. तुम्ही जाणकार आहात. काय देऊ?'

जाणकार! मी लिहिलं, 'काहीही देऊ नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. मला यातलं ओ की ठो कळत नाही.' आणि एकतीसच्या एकतीस लेख पुसून टाकले. संध्याकाळपर्यंत मी फोन हातातून सोडला नाही. सहाच्या सुमाराला उत्तर आलं की नेलं होतं, पोटात चेंडूचा तुकडा अडकला होता, काढला, आता बरा आहे. मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. एका कुत्र्यासाठी! ताईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

"तुला कळतं अशा एखाद्या गोष्टीवर लिही ना मग," ताई म्हणाली.

मला कळतं ते शिलाई मशीन. बाबांचं जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान होतं, शेचाळीस वर्षं. शाळा सुटली की मी तिथे काउंटरवर बसायची. आलेलं मशीन उतरवून घ्यायचं, तक्रार वहीत लिहायची, चिठ्ठी बांधायची. माझा तोरा बघून बाबांनी माझं नाव ठेवलं होतं मुकादम. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू बोटांतून निसटायचे. एक दिवस त्यांनी शटर ओढलं आणि घरी येऊन खिडकीपाशी बसले, ते बसलेच. बोलणं कमी कमी होत गेलं. विचारलं तर हो, नाही, चालेल.

मी हौसेने कामाला लागले. 'शटलचं टायमिंग कसं लावावं', 'बॉबिन केसच्या स्प्रिंगचा दाब', असे नेटके, शास्त्रशुद्ध लेख. आमच्या घरात मशीनबद्दल असंच बोलतात. आई भाजी निवडता निवडता आवाज ऐकून सांगायची, टायमिंग गेलंय वाटतं, म्हणजे सुई आणि खालचं शटल यांचा मेळ चुकलाय. दोन महिने झाले. येणारी माणसं तीनवरून पाचावर गेली.

भावोजी घरी येऊन तक्ता उघडून बसले. "'शटल टायमिंग'. महिन्याला दहा जण शोधतात. दहा!"

"हे दहा तरी कोण असतील?" मी वैतागून म्हटलं.

"मेकॅनिक," खिडकीतून आवाज आला. आम्ही दोघंही दचकलो. बाबा शाल गुंडाळून बाहेरच बघत होते. "गिऱ्हाईक कधी टायमिंग म्हणतं का? ज्याला तो शब्द माहीत आहे त्याला दुरुस्तीही येते. वह्या बघ, मुकादम. इतकी वर्षं काय लिहीत होतीस?"

दोन वर्षांत ते सलग एवढं बोलले नव्हते.

वह्या कपाटाच्या वर होत्या, नऊ. बाबांच्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक जे बोलेल तेच लिहायचं, त्याच्याच शब्दांत. सुधारायचं नाही. चौदाव्या वर्षी मी एकदा शहाणपणा केला होता. एक बाई म्हणाल्या होत्या, मशीन रुसलंय. मला हसू आलं आणि मी वहीत लिहिलं, 'टायमिंग'. बाबांनी अर्धा दिवस मशीन खोलून टायमिंग तपासलं. ते अगदी ठीक होतं. शेवटी बाईंना बोलावून विचारलं तेव्हा कळलं की मशीन चालता चालता थांबायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण चालायचं. पट्टा सैल झाला होता, दुसरं काही नाही. "रुसलंय म्हणाली तर रुसलंय लिहायचं," बाबा तेव्हा मला सगळ्यांदेखत ओरडले होते. "तिने बरोबर सांगितलं होतं. चूक तू केलीस."

आणि तीच चूक मी तीस वर्षांनी पुन्हा करून बसले होते.

वह्या भराभर चाळल्या. 'टाके गाळतं.' 'सुई सारखी मोडते, वैताग आलाय.' 'जाड कापड आलं की अंग चोरतं.' 'खाली दोऱ्याचा गुंता करतं.' 'चालताना दात खातं.' भावोजींनी एकेक ओळ तक्त्यात टाकून पाहिली. प्रत्येकीपुढे एक आडवी रेघ आली, म्हणजे आकडा नाही.

"शून्य," भावोजी म्हणाले. "असल्या शब्दांवर कुणी वेबसाइट काढतं का?"

माझा राग उफाळून आला. मी लॅपटॉप त्यांच्याकडून ओढून घेतला आणि शोधायच्या साध्या चौकटीत, जिथे कुणीही काहीही शोधतं तिथे, टाइप करायला लागले. 'शिलाई मशीन खाली' एवढंच लिहिलं होतं. पुढचं त्या चौकटीनेच सुचवलं. 'शिलाई मशीन खाली दोऱ्याचा गुंता का करतं.' त्याखाली, 'शिलाई मशीन खाली टाका सैल का येतो.' चौथ्या वहीतल्या ओळी, जवळजवळ शब्दाला शब्द. कुठल्या कुठल्या घरांत माणसं मशीनपुढे हैराण होऊन बसली होती आणि अगदी त्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखी विचारत होती. त्यांना उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

भावोजींनी स्वतः दोन ओळी टाइप करून पाहिल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "दहाहून कमी लोक असले तर तक्ता ते धरत नाही. अशा शंभर ओळी झाल्या तर मात्र... हे बहुतेक पाचव्या आठवड्यात होतं. मी त्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो."

त्यानंतर आमचा दिवस बदलला. एक तक्रार, एक पान. मथळा वहीतला, उत्तर बाबांचं. कामावरून आले की चहा घेऊन मी टाइप करायला बसायची आणि ते खिडकीतून सांगायचे. "लिही. खाली गुंता दिसतो म्हणून खालचं काही खोलू नका. वरचा दोरा परत ओवा. आणि ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा, नाहीतर दोरा आत नीट बसतच नाही. दहातल्या नऊ जणांचं एवढंच असतं. त्यांना सांग घाबरू नका म्हणून." 'घाबरू नका' हे ते प्रत्येक पानावर लिहायला लावत.

थंडी सुरू झाली. बाबा एकावर एक दोन शाली गुंडाळून बसायचे. "स्वेटर का नाही घालत?" मी रोज विचारायची. "गरम होतं त्यात," ते म्हणायचे. दात वाजत असताना! हट्टीपणात ते कुणाला हार जायचे नाहीत. मी नाद सोडला.

पडदे शिवणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, सगळं करून पाहिलं, तरी मशीन दात खातंच आहे. "ऐकल्याशिवाय कसं सांगू?" बाबा म्हणाले. "फोन लाव तिला." मी लावला. "फोन मशीनजवळ धरा," बाबांनी सांगितलं, "आणि सावकाश चालवा." ते डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिले. मांडीवरचा हात थरथरत होता, पण चेहरा तोच होता, दुकानातला. "थांबवा. सुई वाकलीये, खालच्या पत्र्याला घासतेय. सुई बदला." पलीकडे खुडबुड झाली, मशीन पुन्हा चाललं. "अहो काका," बाई ओरडल्या, "गप्प झालं की हो!"

ऐकायला हात लागत नाहीत. हे आम्हा दोघांना दोन वर्षं सुचलं नव्हतं.

मी वेबसाइटवर लिहिलं, 'मशीनचा आवाज पाठवा', आणि त्याचं थोडं शुल्क ठेवलं. आधी आठवड्याला दोन आवाज आले, मग दिवसाला दोन. मग शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकिणीने विचारलं, आमची बारा मशीनं आहेत, दर सोमवारी काकांनी सगळ्यांचे आवाज ऐकायचे, महिन्याचं ठरवून टाकू या का? भावोजी तक्ता उघडून म्हणाले की असा कोनाडा कोर्समध्ये कुणालाच मिळाला नव्हता. जणू त्यांनीच मिळवून दिला होता. मी म्हटलं, हो भावोजी, तुमच्यामुळेच. खरं तर होतंही ते थोडंसं.

लागोपाठ दोन महिने घरभाडं सुटलं. वर्ष संपायला चार दिवस होते. मी कामाला निघण्याआधी टेबलाशी बसून साहेबांना दोन ओळींचं पत्र लिहिलं, मी येऊ शकत नाही, सतरा वर्षांबद्दल आभारी आहे. बटण दाबलं. वाटलं होतं छातीत धस्स होईल. उलट मला सपाटून भूक लागली.

"बाबा, साहेबांना नाही म्हणून कळवलं."

ते खिडकीतून वळले. "पाठवलंस?"

"पाठवलं."

"मागे नाही ना घेता येत?"

"नाही."

त्यांनी अंगावरच्या दोन्ही शाली काढून ठेवल्या. मग म्हणाले, "माझ्या पलंगाखाली एक पिशवी आहे. ती ओढ बाहेर."

पिशवी जड होती. आत दोन सदरे, औषधांचा डबा, आईचा फोटो टॉवेलमध्ये गुंडाळलेला, दुकानातली तेलाची कुपी. आणि सगळ्यात खाली, नीट घडी घातलेला, त्यांचा जाड राखाडी स्वेटर.

"तो दे," बाबा म्हणाले. "दोन महिने थंडी वाजतेय मला."

ताईकडे जायला भरून ठेवलेली ती पिशवी बघून मला एकदम सगळं कळलं आणि मी नेहमीसारखी ओरडले, कारण नाहीतर मी रडले असते. "एवढी थंडी वाजत होती तर बाहेर काढायचा ना! पिशवी काय पळून जाणार होती?"

"काढला असता तर परत घडी घालून ठेवावा लागला असता," ते म्हणाले. "एकदा ठेवला तेवढं पुरे झालं."

मी तो त्यांच्या डोक्यातून घातला. थरथरणारे हात एकेक करून बाह्यांतून बाहेर काढले आणि बराच वेळ ते सोडलेच नाहीत. कुपी कुठेतरी गळत असावी. स्वेटरला मशीनच्या तेलाचा सणसणीत वास लागला होता. धुवून देते म्हटलं, तर ते अंगातून काढायला काही केल्या तयार होईनात.