भिंगरीनं उसवलेला कोट

"डोळे फुटले होते का तुझे?" वडिलांचा हा आवाज शिंपिणीच्या कानात अजून तसाच होता. तो जिना चढून वर यायचा आणि ती, एवढीशी पोर, कपाटाआड अंग चोरून बसायची. म्हणून स्वतःची लेक झाली तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं, आपल्या घरात आवाज चढणार नाही. आणि चढला नव्हताच. राग आला की ती ओठ मिटायची, मशीनवर बसायची आणि लांबचा रस्ता तुडवावा तसं पायडल तुडवायची. राग विरेपर्यंत एक शब्द नाही. आपल्याला हे जमलं, याचा तिला अभिमान होता.

त्या दुपारी ती अस्तर घेऊन दुकानात शिरली, तर लेक भिंगरी कापायच्या टेबलावर राणीसारखी बसलेली. पुढ्यात निळा कोट, मांडीवर पांढऱ्या दोऱ्यांचा भुसभुशीत ढीग.

"आई, बघ! सगळे काढले. एकसुद्धा ठेवला नाही!"

शिवून झालेल्या कपड्यांतले कच्चे टाके काढणं हे भिंगरीचं लाडकं काम. पण या कोटावर पक्की शिवण अजून पडायचीच होती. त्या पांढऱ्या टाक्यांनीच तर त्याच्या बाह्या आणि कॉलर धरून ठेवली होती. आणि ज्यांचा कोट, ते व्हायोलिनवाले काका संध्याकाळी तो अंगात घालून बघायला येणार होते.

काजं करणारी मावशी चष्म्यावरून डोकावली. "कोटाचं पार बनियन केलंस की गं!"

शिंपीण हसली नाही. तिनं तुकडे उचलले, टाचण्या ओठांत धरल्या आणि कामाला लागली. बाही खांद्याशी आली, कॉलर मानेशी. हात असे सराईत, की कोट वेळेत होणार यात शंकाच नव्हती.

"आई, मी चुकले का?"

सुई चालत राहिली.

"आई, पाणी देऊ?"

कापडाची सळसळ, बाकी काही नाही. थोड्या वेळानं शिंपिणीनं मान वळवली, तर टांगलेल्या कपड्यांखाली दोन पावलं दिसली. एकमेकांना बिलगलेली.

"बाहेर ये की."

"नाही. तू आधी ओरड."

"मी ओरडत नाही, माहितीये ना तुला?"

"म्हणून तर!" कपड्यांआडून रडवेला आवाज आला. "शाळेतल्या बाई ओरडतात आणि मग संपतं. तुझं कधी संपलं ते कळतच नाही. मला वाटतं, आता मी तुला नकोच आहे."

मावशीची सुई काजातच थांबली. शिंपिणीनं टाचण्या ओठांतून काढून ठेवल्या आणि ती त्या पावलांसमोर जमिनीवर बसली. राग अजून छातीत धगधगत होता. या वेळी तिनं तो पायडलकडे धाडला नाही.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. कोट उसवलास म्हणून, आणि न विचारता उसवलास म्हणून. अजून थोडा वेळ राहील तो. गेला की मीच तुला सांगेन, गेला म्हणून. पण राग असतानासुद्धा तू मला हवीच असतेस गं. हे मी तुला कधी बोलूनच दाखवलं नाही."