चौदा आत, सात बाहेर

जुलैच्या मध्याला विनोना हॅस्केल दोन गोष्टींसाठी मेस्किट क्रीकच्या कॅम्पात आली होती. तीन रात्रींचा फुकट मुक्काम आणि बिडाचा तवा. बदल्यात दीड तास एका विक्रेत्याचं भाषण ऐकायचं, एवढीच अट. फुकट ते पौष्टिक हे तिला आईनं शिकवलं होतं, आणि आवळा देऊन कोहळा काढणारी माणसं ओळखायला रस्त्यानं शिकवलं होतं.

"काही झालं तरी सही नाही," गाडीतून उतरतानाच तिनं नवऱ्याला बजावलं.

"मी कुठे पेन आणलंय?" डॅरेल म्हणाला.

चार वर्षांपूर्वी कॅन्ससमधलं घर विकून हॅस्केल मंडळींनी छत्तीस फुटी ट्रेलरात संसार थाटला होता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, यांचं ट्रकच्या मागे. डॅरेल अशाच फिरत्या घरांचे फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा. विनोना जेवणाच्या टेबलावर बसून एका दवाखान्याची टायपिंगची कामं करायची. सहा वर्षांच्या ऑगीला तर घराला चाकं नसतात हेच पटत नसे. सगळं कसं झकास चाललं होतं.

चाललं नव्हतं ते एकट्या टेसचं. ती अकरा वर्षांची होती, आणि चार वर्षांत तिची एकही मैत्री दोन आठवड्यांपलीकडे टिकली नव्हती. मार्चमध्ये एके दिवशी तिनं शांतपणे सांगितलं, "ऑगस्टपासून मी नेब्रास्कात व्हर्लीनमावशीकडे राहीन. तिथे शाळा आहे. तिथल्या मुली कुठे जात नाहीत." रडली असती तर विनोनानं समजूत काढली असती. पण पोरगी रडली नाही, आणि तिकडे व्हर्लीननं लगेच खोलीला रंगसुद्धा दिला. बहीण म्हणवते! त्या दिवसापासून विनोना ऑगस्टपर्यंतचे दिवस मोजत होती.

विक्रेत्याचं नाव लायल. डोक्यावर पांढरी हॅट, पायांत चकचकीत बूट, आणि जीभ अशी की माणूस मातीसुद्धा खपवेल.

"मॅडम, एकशेवीस कॅम्प! एकदा सभासद झालात की जन्मभराची ददात मिटली."

"आणि राहायचं किती दिवस?"

"साध्या कार्डावर चौदा रात्री आत, मग सात रात्री बाहेर. आमच्या कुठल्याच कॅम्पात नाही हं, पूर्ण बाहेर. आठवड्यानं पुन्हा पुढच्या कॅम्पात." लायलनं असा चेहरा केला जणू साधं कार्ड म्हणजे एखादा त्वचारोग. "पण तुमच्यासारख्यांनी ते घ्यायचंच कशाला? हे सोनेरी कार्ड बघा. याला बाहेर जायची भानगडच नाही. सात हजार डॉलर, फक्त आजच्या दिवशी."

"महाग आहे."

"पाच."

"लायल, दोन मिनिटांत दोन हजार उतरलात. मी आणखी एक कॉफी प्यायले तर वर मलाच पैसे द्याल."

डॅरेलला ठसका लागला. शेवटी तवा काखोटीला मारून दोघं बाहेर पडली. ट्रेलर उभा करायच्या गाळ्यात नीट मावतो, फोनला रेंज आहे, तलाव स्वच्छ आहे, सगळं खरं. पण टेसच्या दुखण्यावर यात औषध कुठे होतं? चौदा दिवसांनी सभासदांनाही चालते व्हाच म्हणणार!

औषध नव्हतं, पण दुखणं मात्र वाढलं. शुक्रवारी दुपारी टेसची गाठ रोझेलशी पडली. ती आर्कान्सॉची, बाराची, वाचाळ. शनिवारी दोघी सकाळपासून तलावात होत्या. रविवारी उजाडतं न उजाडतं तोच कॅम्पात गडबड उडाली. नळ्या गुंडाळल्या गेल्या, छत्र्या मिटल्या, रोझेलच्या बापानं ट्रक सुरू केला.

टेसला निरोपाची सवय होती, आणि तिची एक रीतही होती. आपल्या जवळची सगळ्यांत आवडती वस्तू मैत्रिणीला द्यायची आणि मागे वळून न बघता निघायचं. आज तिनं आपले जांभळे काउबॉय बूट दिले. रोझेल हातातल्या बुटांकडे आणि हिच्याकडे बावळटासारखी बघत राहिली, तेवढ्यात तिच्या आईनं हाक मारली आणि ट्रक गेलासुद्धा. टेस मोज्यांवर आली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली.

विनोनाचा संताप संताप झाला. शेजारच्या गाळ्यात पर्ल नावाची सत्तरीची बाई मैल्याचा पाईप धूत होती. विनोनानं सगळा राग तिच्यावरच काढला. "हे काय सभासदत्व म्हणायचं? चौदा दिवस झाले की बखोट धरून बाहेर!"

"अगं, ओरडतेस काय? मीही बाहेरच निघालेय," पर्ल म्हणाली. "तुम्ही कुठे चाललात?"

"ठरलं नाही."

"मग चला माझ्या मागोमाग. आठ मैलांवर काउंटीच्या जत्रेचं मैदान आहे. पण तिथे तलाव-बिलाव काही नाही हं. धूळ आहे."

मैदानावर पोचल्यावर विनोनाला आधी काही उमजेचना. सकाळी कॅम्पातून निघालेली तेवीस फिरती घरं इथे गोल करून उभी होती. मधोमध चुलवणावर चिलीचं, म्हणजे राजमा-मांसाच्या तिखट रश्शाचं, पातेलं चढलं होतं. जनावरं पारखायच्या शेडमध्ये पोरं बाकं मांडत होती. आणि जांभळे बूट घालून रोझेल लंगडत लंगडत यांच्याच ट्रेलरकडे येत होती.

"हे घे बाई तुझे बूट!" ती खिडकीखालून ओरडली. "चावतात मला! आणि तू असा निरोप कशाला दिलास गं? आठ मैलांवर तर यायचं होतं!"

टेस दारात आली. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. "मला वाटलं तू गेलीस."

"जाईन कुठे? आमचं सगळ्यांचं चौदा-सात एकत्रच असतं."

पर्लनं मग नीट उलगडून सांगितलं. कोणे एके काळी चारच घरं होती. बाहेरच्या आठवड्यात एकेकट्यानं दुकानांच्या आवारात गाडी लावून झोपायचा कंटाळा आला, म्हणून चौघांनी एकाच रविवारी कॅम्पात शिरायचं आणि एकाच रविवारी निघायचं ठरवलं. बघता बघता तेवीस झाली. कॅम्पात गाळे विखुरलेले मिळतात, ज्याचं तो बघतो. खरा गाव वसतो तो या सात दिवसांत. पोरांची शाळा एकत्र, चूल एकत्र. हाताला कला असेल तर ती आधी गावासाठी.

डॅरेलच्या हाताला होती. मंगळवारपर्यंत त्यानं पाच फ्रीज दुरुस्त केले होते आणि बदल्यात हॅस्केलांच्या फ्रीजात भाजलेलं मांस मावत नव्हतं. ऑगी तर फक्त झोपायला घरी येई.

"घेऊन टाकू या का कार्ड?" डॅरेलनं विचारलं.

"तुझं पोट भरलंय म्हणून बोलतोयस. टेसला विचारलंस?"

"तू विचार."

विनोनाला धीर होत नव्हता. विचारलं आणि पोरगी म्हणाली, "छान आहे, पण मी जाणार," तर? न विचारता निदान ऑगस्टपर्यंत आशा तरी होती. एवढी तोंडाळ बाई, पण या एका प्रश्नापाशी तिची बोबडी वळत होती.

गुरुवारी दुपारी ट्रेलरचं दार असं आपटलं की टेबलावरची कॉफी सांडली.

"मी रोझेलशी जन्मात बोलणार नाही!" टेसनं पाय आपटला. "ती खेळात चीटिंग करते! वर सगळ्यांसमोर म्हणते की मला हरता येत नाही! अशी मैत्रीण गेली खड्ड्यात!"

विनोनानं मनाशी हिशेब केला. चार वर्षांत किती मैत्रिणी झाल्या होत्या. सगळ्या गोड, सगळ्या शहाण्या, एकीशीही कधी तंटा नाही. दोन आठवड्यांत तंटा करायला सवड कुणाला असते? ज्याला परवा निरोप द्यायचाय त्याच्याशी माणूस गोडच बोलतो. टेस आज पहिल्यांदा कुणाशी तरी कडाकडा भांडून आली होती, आणि विनोनाला इतका आनंद झाला की तिला तोंड लपवायला सिंककडे वळावं लागलं.

"तू हसतेयस?" टेस किंचाळली.

"छे गं. कांदा लागला डोळ्याला."

"कांदा कुठाय?"

शुक्रवारी सकाळी ती एकटीच मेस्किट क्रीकला गेली. लायलनं हॅट सावरली आणि सोनेरी कार्डाचा कागद पुढे सरकवला. "मला ठाऊक होतं तुम्ही येणार! मॅडम, तुमच्यासाठी म्हणून साडेचार."

"ते ठेवा. मला बाहेर काढणारं कार्ड हवंय."

"काय हवंय?"

"साधं. चौदा आत, सात बाहेर. एका वर्षाचं."

लायलनं हॅट काढून डोकं खाजवलं. "वीस वर्षं झाली या धंद्यात. बाहेर काढा म्हणून कुणी पैसे दिले नव्हते."

"आता दिले. पेनही तुमचंच द्या."

सही तर केली, पण परतताना आठही मैल तिच्या डोक्यात प्रश्नच प्रश्न होते. टेस जायचीच असेल तर या कार्डाला चाटायचं होतं का? भांडणाच्या रागात पोरगी ऑगस्टऐवजी उद्याच निघाली तर?

ट्रेलरच्या पायरीवर टेस फोन कानाला लावून बसली होती. पलीकडे व्हर्लीन आहे हे आवाजावरूनच कळत होतं, बाईला फोनची गरजच नव्हती. विनोनाचे पाय जागीच थांबले.

"नाही मावशी, खोली छानच आहे," टेस म्हणत होती. "पण ऑगस्टमध्ये नाही जमणार. अगं, मी आता निघाले तर रोझेलला वाटेल ती जिंकली. अजून तीन आठवडे तरी मी तिच्याशी बोलणार नाहीये, आणि त्यासाठी मला इथे असायला हवं ना!"

पलीकडून व्हर्लीन काहीतरी म्हणाली.

"मग? मग बोलेन की," टेस म्हणाली. "घाई काय आहे?"

विनोना ट्रकच्या आड गेली, तिथे एसी उघडून बसलेल्या डॅरेलच्या छातीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली, आणि या वेळी तिनं कांद्याचं नावही घेतलं नाही. डॅरेलला वाटलं, लायलनं सोनेरी कार्ड गळ्यात मारलं. "किती गेले?" त्यानं घाबरून विचारलं.

"कुणी नाही गेलं," विनोना म्हणाली. "सगळे इथेच आहेत."